कार्बोरेटर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

परतवाड्याच्या रस्त्यावर जुन्या मोटारसायकलींचा भरणा अजून मोठा आहे. संत्र्याची कॅरेट लादून बागेतून निघालेली सीडी हंड्रेड, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली स्प्लेंडर, धारणीकडे नोकरीला जाणाऱ्या गुरुजींची बॉक्सर, कुणी हौसेने जपलेली आरएक्स हंड्रेड आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली बुलेट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. नवी पोरं स्कॅनर लावून दोष शोधतात. या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. इथे डोळा, कान, नाक आणि बऱ्यापैकी पेचकस एवढ्यावरच भागवावं लागतं.

गाडी गचके द्यायला लागली, स्लोला बंद पडायला लागली, की आपल्याकडे एकच निदान ऐकू येतं: "कचरा आला असन, कार्बोरेटर साफ करून टाकू." ते खरंही असतं, पण जितक्या वेळा सांगितलं जातं तितक्या वेळा नसतं. कार्बोरेटरचं काम हवा आणि पेट्रोल मापून एकत्र करायचं. हवा मागच्या एअरबॉक्समधून येते, पेट्रोल वरच्या टाकीतून येतं. या दोन वाटांपैकी एक अडली तरी नाव मधल्या कार्बोरेटरचंच खराब होतं. म्हणून कार्बोरेटर हा शेवटचा संशयित धरा. तो उघडणं अर्ध्या तासाचं काम आहे. उघडून, काहीही न बिघडवता, परत जसाच्या तसा बसवणं हे खरं कसब आहे.

आधी न उघडता काय बघायचं

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. धुळीने किंवा गंजाने ते बुजलं, की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. लक्षण अगदी ठरलेलं: गाडी काही किलोमीटर उत्तम चालते, मग दम तोडते, थोडा वेळ थांबलं की परत चालू होते. अशी बंद पडली की झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

मग कॉक. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरकडून सोडवा, त्याचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकमधली जाळी किंवा टाकीतला गंज बघा. रिझर्व्हवर धार बरी आणि ऑनवर नाही, असं झालं तर कॉकच्या आतली उभी नळी तपासा. बाटलीतलं पेट्रोल उजेडात धरा. तळाशी तपकिरी गाळ म्हणजे गंज. तळाशी वेगळा थर किंवा हलणारे गोळे म्हणजे पाणी. मेळघाटातल्या गावांतून ज्यांना किराणा दुकानातलं बाटलीबंद पेट्रोल भरावं लागतं त्यांनी ही बाटलीची तपासणी अधूनमधून करावीच.

त्यानंतर प्लग. गाडी थोडी चालवून, थंड होऊ देऊन प्लग काढा. टोकाजवळचं चिनी मातीचं तोंड फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ओलं, तेलकट काळं म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हकडून तेल येतंय. त्याला कार्बोरेटर जबाबदार नाही. निळसर धुराचंही तसंच. काळा धूर मात्र कार्बोरेटर-एअरबॉक्सच्या खात्यातला.

आता ॲक्सिलरेटर किती पिळल्यावर त्रास होतो ते बघा. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डबीवर कागदी टेपच्या पट्ट्या चिकटवून बंद, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पोरखेळ वाटेल, पण याच्याएवढं स्वस्त निदान दुसरं नाही. बंद ते अष्टमांशापर्यंत सगळा कारभार पायलट जेटचा, म्हणजे स्लोच्या जेटचा. तिथून पावापर्यंत वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या कापाचा. पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेल्या लांब निडलचा. पाऊणच्या वर मेन जेटचा. स्लोला बंद पडते पण रस्त्यावर मस्त पळते, अशा गाडीचा मेन जेट काढून काय उपयोग? आणि सपाटीवर साठला अडकते, पण स्लो अगदी घड्याळासारखा, अशा गाडीचा हवेचा स्क्रू फिरवत बसूनही काही हाती लागत नाही.

चोक ओढल्याशिवाय गरम इंजिनही चालत नसेल तर दोन शक्यता: पायलट जेट बुजलाय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधून कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. दुसरी शक्यता आधी तपासा. गाडी स्लोवर ठेवा आणि कार्बोरेटर जिथे इंजिनला जोडलाय त्या सांध्यावर, रबरी बेंडवर, स्प्रेच्या बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच. काही ठिकाणी ही तपासणी पेट्रोल शिंपडून करतात. गरम सायलेन्सर आणि उघडी प्लग-केबल हातभर अंतरावर असताना ती हिंमत करू नका.

एअरबॉक्स: सगळ्यात दुर्लक्षित डबा

सीटखालचा किंवा साइड कव्हरमागचा तो काळा डबा बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून उघडलेला नसतो. खरं तर आपल्या भागात बिघाडाची निम्मी गोष्ट तिथेच संपते. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी, त्यापाठोपाठ कापसाच्या वेचण्या आणि तुरीची काढणी, उन्हाळ्यात अचलपूर-चांदूर बाजारच्या बागांमधले काळ्या मातीचे धुळीचे रस्ते. बारीक भुसा आणि कापसाचं सूत फिल्टरवर असं बसतं की वरून नमदा पांघरल्यासारखं दिसतं. हवा कमी पडते, मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज खाली येतं. अशा वेळी कार्बोरेटर कितीही साफ केला तरी फरक दोन दिवसही टिकत नाही.

डबा उघडला की आधी नुसतं बघा. हवा आत येण्याच्या तोंडाशी उंदरांनी चिंध्या, कापूस, शेंगांची टरफलं भरली आहेत का? गोठ्यात किंवा पडवीत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं. दुसरी पाहुणी कुंभारीण माशी. तिला बोटभर नळी दिसली की ती मातीचं घर बांधते, आणि एअरबॉक्सचं तोंड, कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्या, टाकीच्या झाकणाखालची निचऱ्याची नळी या सगळ्या जागा तिच्या आवडीच्या. हे घर पेचकसने आत ढकलू नका. बाहेरच्या बाजूला ओढून काढा, कारण आत गेलेली माती शेवटी पिस्टनपर्यंत पोचते.

फिल्टर तीन तऱ्हेचे. फोमचा असेल तर आधी रॉकेलने किंवा डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा आणि थोडं इंजिन ऑइल चोळून जादा तेल दाबून काढा. कोरडा फोम धूळ अडवत नाही, हे पुष्कळ जण विसरतात. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने झटकता येतो. तिसरा प्रकार तेलात भिजवलेल्या कागदाचा, हाताला चिकट लागणारा. तो धुवायचाही नाही आणि हवाही मारायची नाही. घाण झाला की नवा टाकायचा. पंक्चरच्या दुकानातल्या जोरदार हवेने असल्या फिल्टरला दिसणार नाहीत अशी भोकं पडतात, आणि मग तीच धूळ रिंग खाऊन टाकते. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरचं वेळापत्रक डांबरी रस्त्याला धरून असतं. बागेत, शेतात रोज जाणाऱ्या गाडीला ते निम्म्यावर आणावं.

डब्याच्या तळाला एक छोटी नळी असते, टोक बंद केलेली. तिच्यात पाणी किंवा तेलकट चिखल साचतो. बूच काढून तो सोडून द्या आणि नळी परत बंद करा. ती हरवली असेल तर तिथून न गाळलेली हवा आत जाते. तेल फार साचत असेल तर इंजिनात ऑइल जास्त भरलंय किंवा रिंग झिजून खालचा वाफारा वाढलाय. हा वाफारा नळीने एअरबॉक्समध्येच सोडलेला असतो.

एअरबॉक्सपासून कार्बोरेटरपर्यंतचं रबर बोटांनी वाकवून बघा. जुन्या गाडीत ते घडीच्या आतल्या बाजूने चिरतं. वरून दिसत नाही. आणि एक मत मांडून ठेवतो. आवाज भारी येतो म्हणून एअरबॉक्स काढून नुसती जाळीची टोपी बसवणारे शौकीन आपल्याकडे कमी नाहीत. एअरबॉक्स हा नुसता धूळ गाळायचा डबा नाही. त्याचा आकार आणि तोंडाचं माप धरून जेट ठरवलेले असतात. तो काढला की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि मग त्यावर उपाय म्हणून मोठा जेट, मग सायलेन्सर, अशी रांग लागते. शंभर सीसीच्या गाडीवर हा खर्च म्हणजे पैशाची नासाडी.

काढायचा कसा

एवढं बघूनही बोट कार्बोरेटरकडेच जात असेल तर गाडी मोकळ्या जागेत, सावलीत उभी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंगणात, शेगडी चालू असताना, हे काम नको. विडी-सिगारेट लांब, बॅटरीची वायर सोडवलेली, इंजिन थंड. हातात मोबाइल असतोच, तर प्रत्येक पायरीला फोटो काढा. नळ्या कुठून कुठे जातात हे संध्याकाळी आठवत नाही.

कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. हे पेट्रोल फेकू नका, आधी वाचा. टाकीतलं पेट्रोल स्वच्छ आणि वाटीतलं गढूळ, म्हणजे घाण पूर्वीची साचलेली. दोन्ही गढूळ, म्हणजे टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटर साफ करून उपयोग नाही.

मग एअरबॉक्सकडची क्लिप सैल करा. इंजिनाकडे काही गाड्यांत दोन बोल्टची पट्टी असते, काहींत रबरी बेंडवरची क्लिप. इथेच माणसं अडतात. कार्बोरेटर मागून रबरात, पुढून इंजिनात असा दोन्हीकडून घट्ट पकडलेला असतो, आणि काढायला मध्ये जागा नसते. मग पेचकस घालून उचकटणं सुरू होतं, आणि ॲल्युमिनियमच्या कडेला खाच पडते किंवा रबर फाटतं. युक्ती साधी आहे: एअरबॉक्सचे बोल्ट काढून तो डबाच इंच-दीड इंच मागे सरकवा. काही गाड्यांत त्यासाठी बॅटरी किंवा साइड कव्हरचा ब्रॅकेट काढावा लागतो. दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. रबर आखडलं असेल तर ते मऊ करा. मे महिन्यात परतवाड्यात त्याला काही करावं लागत नाही, तासभर उन्हात गाडी उभी केली तरी रबर नरम पडतं. थंडीत कापड गरम पाण्यात बुडवून रबराला गुंडाळा. मग कार्बोरेटर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत ओढा, सरळ हिसका देऊ नका.

सुटा झाला की वरचं झाकण फिरवून काढा. केबलसोबत स्लाइड आणि निडल बाहेर येतात. हा भाग केबलवर तसाच लटकू द्या, पण स्वच्छ फडक्यात गुंडाळा. वाकलेली निडल सरळ होत नाही, नवीच घ्यावी लागते. पल्सरसारख्या ज्या गाड्यांत झाकणाखाली पातळ रबरी पडदा आहे, तिथे झाकण सावकाश उचला. पडदा फाटला की गाडी पिळली तरी वर उठत नाही. इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबा, आणि ते भडक रंगाचं घ्या, म्हणजे परत बसवताना विसरणार नाही.

राजदूत ३५० सारखी जुळ्या सिलेंडरची गाडी असेल तर दोन कार्बोरेटर, सगळं काम दुप्पट. डाव्याचे भाग डाव्या ताटात, उजव्याचे उजव्या ताटात. आणि बसवल्यावर दोन्ही स्लाइड एकाच वेळी, एकसारख्या उचलतात की नाही हे केबलच्या ॲडजस्टरवर जुळवून घ्यायचं. नाहीतर एक सिलेंडर ओढतं आणि दुसरं नुसतं सोबत करतं.

आत काय करायचं, आणि काय मुळीच करायचं नाही

वाटीचे जे तीन-चार स्क्रू असतील ते पितळी किंवा मऊ लोखंडी असतात, आणि जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवर त्यांची चौफुली आपल्या नेहमीच्या पेचकसपेक्षा वेगळ्या मापाची असते. साधा फिलिप्स पेचकस त्यात वर उचलला जातो आणि डोकं गुळगुळीत करतो. जेआयएस मापाचा पेचकस मिळाला तर उत्तम. नसेल तर घट्ट बसणारा शोधा, पेचकसच्या मुठीवर हातोडीची एक हलकी टिचकी द्या आणि मग फिरवा.

मिश्रणाचा बारीक स्क्रू काढण्याआधी तो आत हळूच पूर्ण टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत हा आकडा दीड ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये असतो. टेकला की थांबा. जोर लावला तर टोकाला कडं पडतं आणि गाडी परत कधी नीट स्लोवर येत नाही.

पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट काढा, कानाजवळ हलवा. आत पेट्रोल हलल्याचा आवाज आला तर तो फुटलाय. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडे येतील. फ्लोटच्या खिळीखाली लटकलेली छोटी टोकदार निडल बघा: तिच्या काळ्या टोकावर गोल कडं उमटलं असेल तर ती पेट्रोल अडवू शकत नाही, आणि गाडी ओव्हर होते. उभ्या गाडीखाली रात्रीतून पेट्रोल साचतं ते यामुळे. त्याहून वाईट म्हणजे वाटीतली निचऱ्याची नळी बुजलेली असेल तर तेच पेट्रोल बाहेर न येता इंजिनात उतरतं. इंजिन ऑइलची पातळी वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडीला किक मारू नका. आधी ऑइल बदला.

आता जेट. पितळी, मऊ, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. इथे आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हा घडतो: क्लच केबलची तार सोलून तिची एक दोरी जेटमधून आरपार काढायची. तार पोलादी, जेट पितळी. केहिन जेटवरचा ३५ हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास ०.३५ मिलिमीटर. तारेने घासून तो ०.३८ झाला, म्हणजे केसापेक्षाही कमी फरक पडला, तरी भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. मग गाडी साफ होऊनही पेट्रोल जास्त पिते, आणि का ते कुणालाच सापडत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेमध्ये भिजू द्या, डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. अगदीच अडकलं असेल तर झाडूची नायलॉनची काडी किंवा मासे धरायच्या गळाची बारीक दोरी चालवा. तेही जमलं नाही तर त्याच नंबरचा नवा जेट घ्या. मेन जेट आणि पायलट जेट दोन्हींचे नंबर आधी वहीत उतरवून ठेवा. दुकानात नुसतं "स्प्लेंडरचा जेट" म्हटलं तर वर्षागणिक बदललेले दोन-तीन प्रकार समोर येतात.

जेट साफ झाले तरी कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटा राहतात. स्लाइडच्या कडेखाली एक-दोन बारीक भोकं असतात. स्लोवरून गाडी उचलताना पेट्रोल तिथून येतं. स्प्रेची नळी पायलट जेटच्या जागेत घट्ट धरा आणि फवारा. या भोकांतून धार निघाली पाहिजे. डोळ्याला चष्मा लावूनच, कारण फवारा नको त्या भोकातून तोंडावर येतो. स्प्रे मारण्याआधी सगळे रबरी ओ-रिंग, फ्लोट आणि पडदा काढून ठेवा, नाहीतर ते फुगतात. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेणार असाल तर आधी त्याला पाइप जमिनीकडे सोडायला सांगा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी पहिल्या झोताबरोबर बाहेर येतं.

फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या मापाला जुळते का बघा. कार्बोरेटर आडवा धरून मोजायचं, फ्लोटची पट्टी निडलला नुसती टेकलेली असताना. निडलच्या टोकातली स्प्रिंग दाबली गेली तर माप चुकतं. पितळी पट्टी चिमट्याने अगदी थोडी वाकवता येते. प्लॅस्टिकची असेल तर हात लावू नका.

बसवणं, आणि मग घाट

स्लाइडला एका बाजूने उभी खाच असते, ती आतल्या खिळीवर बसते. आणि स्लाइडचा कापलेला, तिरपा भाग एअरबॉक्सकडे येतो. ती उलटी कोंबली तर पूर्ण खाली जात नाही आणि पहिल्याच किकला इंजिन किंचाळतं. म्हणून झाकण लावल्यावर, गाडी चालू करण्याआधी, मूठ पिळून सोडा. टक् असा आवाज करून स्लाइड खाली आदळली पाहिजे. एअरबॉक्स पुढे ओढून रबर चारही बाजूंनी बसलंय ना हे बोट फिरवून बघा, क्लिप शेवटी आवळा. कॉक उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत थांबा, कुठे पाझर आहे का. चालू केल्यावर हॅन्डल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. स्लो वाढला तर केबल ताणलेली आहे, आणि तशी गाडी घाटात नेऊ नका.

ट्युनिंग नेहमी गरम इंजिनवर. मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे यावर त्याची चाल ठरते: तो एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की घट्ट. एकाच्या सवयीने दुसऱ्यावर हात चालवला की सगळं उलटं होतं. लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा, मग पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात चढं आणि एकसारखं कुठे चालतं ते शोधा, आणि स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा.

परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे ११०० मीटर. धामणगाव गढीवरून तीसेक किलोमीटरमध्ये गाडी सातशे मीटर वर चढते आणि हवा जवळपास ७ टक्के विरळ होते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल त्या हिशेबाने कमी करत नाही. म्हणून वाटेतल्या मोथा गावापुढे गाडी जड वाटते. त्याचवेळी उलट दिशेने ओढणारी आणखी एक गोष्ट आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपासच पुरते. जुने जेट पहिल्या हिशेबाचे, त्यामुळे सपाटीवर आता जुनी गाडी मुळात किंचित पातळ चालते आणि घाटात उलट थोडी सावरते. म्हणून चिखलदऱ्याला जाऊन तिथे ट्युनिंग करू नका. खाली उतरल्यावर तीच गाडी तापेल. ट्युनिंग परतवाड्यात करा, घाटात दम कमी वाटला तर गिअर खाली घ्या. सपाटीवर थंडीत फारच चोक मागत असेल तर निडलची क्लिप एक खाच खाली सरकवून बघा, म्हणजे निडल वर उचलली जाईल. त्यापलीकडे जेट बदलायच्या फंदात लगेच पडू नका.

इथेनॉलचा खरा त्रास मात्र मिश्रणाचा नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि जुन्या रबराला फुगवतं. पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर वाटीतलं पेट्रोल सोडून द्या, कॉक बंद ठेवा, टाकी शक्यतो भरलेली ठेवा. पेट्रोलचे पाइप कडक किंवा चिकट झालेले दिसले की बदला. ओ-रिंग स्वस्त असतात, उघडलाच आहे कार्बोरेटर तर नवे टाका.

घटांगच्या पुढे सेमाडोह, हरिसालकडे जाणाऱ्यांसाठी शेवटचं. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर किक मारायचा मोह आवरा. एअरबॉक्सच्या तोंडाच्या वर पाणी आलं असेल तर सिलेंडरमध्ये पाणी असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून कोरड्यात आणा. एअरबॉक्सच्या तळाची नळी सोडा, फिल्टर काढा, वाटीचा निचरा उघडा. प्लग काढून, त्याची केबल प्लगच्या भोकापासून लांब बांधून, चारसहा किक मारा. पाणी बाहेर उडेल. ऑइल बघा: चहाच्या रंगाचं, दुधाळ झालं असेल तर गाडी चालू न करता टेम्पोत घालून आणा. नसेल तर फिल्टर वाळवा, प्लग पुसून बसवा आणि चोकवर चालू करा. या वाटेवर निघताना सीटखाली एक प्लग, प्लगचा पाना, दहाचा पाना, घट्ट बसणारा पेचकस, पेट्रोलच्या पाइपचा हातभर तुकडा आणि दोन क्लिप असू द्या. आणि मार्च ते मे या काळात वाटी सोडायची वेळ आलीच, तर ते पेट्रोल बाटलीत घ्या. जंगलाच्या कडेच्या वाळल्या पानांवर सांडलेलं पेट्रोल वणव्याला पुरेसं असतं.